आईचा गुंड आणि नवे बूड : तांब्याच्या भांड्यांच्या एका दुकानाविषयी

वैनगंगेच्या काठच्या आमच्या तालुक्याच्या गावी, आठवडी बाजार भरतो त्या मैदानाच्या मागच्या गल्लीत तांब्या-पितळेच्या भांड्यांचे एक जुने दुकान आहे. भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी पूर्वापार ओळखला जातो, त्यामुळे अशी दुकाने आमच्याकडे नवलाची नाहीत. परंतु ज्या दुकानाच्या मागच्या पडवीत आजही ऐरण आहे, भट्टी आहे आणि हातोडा चालवणारा माणूस आहे, असे दुकान आमच्या भागात मला आता हे एकच ठाऊक आहे. यंदा फाल्गुनात भाचीच्या लग्नासाठी मी तेथून आंदणाचा गुंड, म्हणजे पाणी भरून ठेवायचे मोठे भांडे, आणि एक गडवा, म्हणजे लोटा, घेतला, आईचा जुना गुंड दुरुस्त करून घेतला आणि घरात वर्षानुवर्षे साठलेली मोड तेथे दिली. मालकांना जाहिरात नको आहे, म्हणून दुकानाचे नाव येथे लिहीत नाही. बाजाराच्या दिवशी त्या गल्लीत हातोड्याचा आवाज ऐकत गेले तरी ते सापडते.

प्रथम मालाविषयी. नवा गुंड ३ किलो ६०० ग्रॅमचा भरला. दुकानात दारापाशी एक उतरंड आहे आणि आत, पडवीच्या तोंडाशी, दुसरी आहे. दारापाशी असलेली भांडी यंत्रावर दाबून काढलेली, पातळ पत्र्याची आणि लखलखीत पॉलिशची आहेत; त्यांच्या अंगावर ठोक्यांच्या खुणाही आहेत, पण त्या यंत्रानेच उठवलेल्या आहेत. आत हात घालून पाहिले, तर प्रत्येक खुणेचा फुगवटा बोटांना लागतो. आतल्या उतरंडीतील भांडी खरोखर मठारलेली आहेत. ठोके देताना आतून लोखंडाचा आधार असल्यामुळे त्यांची आतली बाजू गुळगुळीत लागते आणि बाहेरचे ठोके जवळून पाहिले तर एकासारखा दुसरा नसतो. दोन्हींच्या किलोच्या भावात फरक आहे आणि तो असणे रास्तच आहे. खटकले ते एवढेच की दोन्ही उतरंडींवर ‘हातघडणीची भांडी’ अशी एकच पाटी लावलेली आहे. विचारल्यावर मालकांनी फरक प्रामाणिकपणे सांगितला. परंतु जो विचारणार नाही, त्याने काय करावे? ही पाटी त्यांनी बदलायला हवी.

आता आईच्या गुंडाची हकीकत. तो आईच्या लग्नातला, म्हणजे पन्नास वर्षांहून जुना आहे. त्याचे बूड झिजून झिरपू लागले होते आणि तीनेक वर्षे तो माळ्यावर पडून होता. गल्ल्यावर बसलेल्या तरुण मालकांनी तो तराजूत टाकला आणि मोडीचा भाव सांगितला. व्यवहार तेथेच संपला असता. पण पडवीतून म्हातारे कारागीर उठून आले, त्यांनी गुंड उचलून उजेडाकडे धरला, काठावर नख वाजवले आणि मला म्हणाले, “बाई, मोडाले काय लागते? घडीभराचं काम हाये. पन हा पत्रा पाहा, असा जाड पत्रा आता येत नाही. बूड गेलं हाये फक्त. बूड बदलून देतो.” मी म्हटले, “काकाजी, खर्च किती येईल?” त्यांनी जो आकडा सांगितला, तो नव्या गुंडाच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाहून कमी होता.

दोन बाजारांनंतर मी मुद्दाम सकाळीच जाऊन ते काम पाहत बसले. जुने बूड छिन्नीने गोल कापून काढले. नव्या पत्र्याची चकती भट्टीत लाल होईपर्यंत तापवली आणि पाण्यात सोडली. पोलाद असे केल्याने कडक होते, तांबे मात्र नरमच राहते, हे मी पुस्तकात वाचले होते, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिले. चकतीच्या कडेला बारीक दाते कातरले, ते गुंडाच्या कडेत एकाआड एक बसवले, त्यावर टाकणखार आणि झाळ टाकून पुन्हा तापवले आणि झाळ वितळून सांध्यात उतरली तशी काकाजींनी फुंकणी बाजूला ठेवली. त्यानंतर तासभर केवळ ठोके. गुंड पाण्याने भरून त्यांनी तो कोरड्या गोणपाटावर ठेवला आणि चहा येऊन संपेपर्यंत गोणपाटाला हात लावत राहिले. एक थेंब पाझरला नाही.

या एका कामासाठी मी त्या दुकानाला पैकीच्या पैकी गुण देते, आणि त्याचे कारण केवळ आईची आठवण हे नाही. तांब्याचे भांडे दुकानात येण्याआधी कोठून येते, हे ज्याने थोडेही पाहिले आहे, त्याला बूड बदलण्याची किंमत वेगळी कळते.

माझी मावशी बालाघाट जिल्ह्यात बैहरकडे राहते. गोंदियाहून बालाघाट आणि तेथून घाट चढून गेले की सातपुड्याच्या मैकल रांगांचे पठार लागते, एका अंगाला कान्हाचे जंगल आणि त्याच पठारावर मलाजखंड. तेथील तांब्याची खाण देशातील सर्वांत मोठी उघडी तांबेखाण म्हणून ओळखली जाते. हिंदुस्थान कॉपर या १९६७ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीने ती १९८२ साली सुरू केली. मावशीकडे जाताना मी दोनदा त्या बाजूने गेले आहे. दुरून सपाट माथ्याच्या टेकड्या दिसतात आणि जवळ गेल्यावर समजते की त्या टेकड्या नव्हेतच. खाणीतून उपसलेल्या दगडमातीचे ते ढीग आहेत. साल-सागाच्या हिरव्या डोंगरांमध्ये ते ढीग करडे, उघडे आणि बिनझाडाचे उभे आहेत.

ढीग एवढे मोठे का, हे गणिताने पाहावे. मलाजखंडच्या खनिजात तांब्याचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आहे आणि आज जगातील बहुतेक मोठ्या खाणींत ते तेवढेच किंवा त्याहून कमी असते. म्हणजे माझ्या नव्या गुंडाचे ३ किलो ६०० ग्रॅम तांबे खाणीतून नव्याने काढायचे झाले, तर वाया जाणारा भाग धरून सुमारे चार क्विंटल खनिज लागेल. आमच्या भाषेत सांगायचे तर धानाचे दहा कट्टे, म्हणजे दहा पोती. त्या खनिजापर्यंत पोहोचण्यासाठी वरचा जो खडक फोडून बाजूला टाकावा लागतो, तो यात धरलेलाच नाही. उघड्या खाणीत तो बहुधा खनिजाच्या कितीतरी पट असतो. ते दहा कट्टे खनिज पिठासारखे दळतात, पाण्यात कालवतात, त्यात तेलकट द्रव्ये घालून हवेचे बुडबुडे सोडतात. तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि उरलेला गाळ बांध घालून केलेल्या तलावात सोडतात. गुंड घरी येतो आणि दहा कट्ट्यांचा गाळ त्या डोंगरावर कायमचा राहतो.

हा गाळ नुसती माती असती, तरी चालले असते. तांब्याच्या खनिजाबरोबर लोखंड आणि गंधक यांची संयुगे असतात. डोंगराच्या पोटात हवा-पाण्यापासून दूर ती हजारो वर्षे निवांत पडून राहतात. फोडून उघड्यावर टाकली की पावसाचे पाणी आणि हवा यांच्यामुळे त्यांच्यापासून गंधकाम्ल तयार होते. ते आम्लधर्मी पाणी खडकातील तांबे, जस्त, शिसे विरघळवून ओढ्यात नेते. डोंगराळ प्रदेशात याचा जोर अधिक असतो, कारण तेथे पाऊस अधिक पडतो, उतार तीव्र असतो आणि नद्या तेथेच उगम पावतात. माथ्यावर बिघडलेले पाणी पायथ्याच्या सगळ्यांना प्यावे लागते. तांबे माणसाला अल्प प्रमाणात आवश्यकच आहे. मासोळीला मात्र पाण्यात विरघळलेले अगदी थोडे तांबेही सोसत नाही. आपल्या आयाबाया ताक तांब्याच्या भांड्यात ठेवू देत नसत, ते कळकते म्हणून. आंबट पदार्थ तांबे विरघळवतो, हे त्यांना अनुभवाने पक्के ठाऊक होते. खाणीच्या डोंगरावर नेमके हेच घडते, फक्त तेथे भांडे डोंगराएवढे असते.

डोंगरातून तांबे काढणे ही गोष्ट नवी नाही, आमच्या भागाला तर नाहीच. याच बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया नावाच्या गावी १८७० साली जमिनीत पुरलेला साठा सापडला. त्यात ४२४ तांब्याची हत्यारे-अवजारे आणि १०२ चांदीच्या वस्तू होत्या. तांब्याचे वजन पावणेचारशे किलोच्या घरात भरले. त्यातील काही वस्तू नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तेथील सरकारी संग्रहालयात, आहेत आणि मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी त्या जरूर दाखवाव्यात. नागपूरजवळच्या माहूरझरीच्या शिळावर्तुळांतही लोहयुगातील लोकांनी घोड्याच्या मस्तकावर चढवलेले तांब्याचे अलंकार मिळाले आहेत. परंतु त्या काळचा कारागीर हिरवट रंग पाहून समृद्ध खनिजाची शीर शोधत असे आणि तेवढीच खोदत असे. बुडबुड्यांची रीत गेल्या शतकाच्या आरंभी आली, वाफेवर चालणारी फावडी आली आणि शेकडा एक-दोन तांबे असलेला अख्खा डोंगरच खनिज ठरला. अमेरिकेतील युटा राज्यात बिंगहॅम कॅनियन येथे १९०६ साली अशी उघडी खोदाई सुरू झाली. जेथे डोंगर होता तेथे आज सव्वा किलोमीटरच्या आसपास खोल खड्डा आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये त्याची एक भिंत कोसळली. यंत्रांनी आधी इशारा दिल्यामुळे माणसे बाहेर काढली होती आणि कोणी दगावले नाही.

या सगळ्या इतिहासात मला जी गोष्ट सर्वांत जवळची वाटते ती जपानची आहे, कारण ती धानाच्या शेतकऱ्यांची आहे. तोचिगी प्रांतातील आशिओ येथील डोंगरात जुनी तांबेखाण होती. १८७७ साली फुरुकावा इचिबेई यांनी ती घेतली, नव्या शिरा सापडल्या आणि काही वर्षांतच जपानच्या एकूण तांब्यापैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक तेथून निघू लागले. भट्ट्यांसाठी आणि खाणीच्या टेकूंसाठी झाडे तुटली. उरलेली भट्ट्यांतून निघणाऱ्या गंधकाच्या धुराने वाळली. उघड्या पडलेल्या डोंगरावरून पावसाचे पाणी अडेनासे झाले. १८८५ मध्ये वातारासे नदीत मासे मरून वर आले आणि १८९० च्या पुराने खाणीचा विषारी गाळ खालच्या भातखाचरांत पसरवला. ज्याने आपल्या बांधीत पुराचा गाळ पाहिला आहे आणि पुढच्या वर्षी त्याच गाळामुळे धान जोमाने आलेले पाहिले आहे, त्याला हे समजेल. जो पूर आजवर खत आणत होता, त्याने त्या वर्षी नापिकी आणली.

त्या भागातून निवडून आलेले तानाका शोझो यांनी १८९१ पासून संसदेत हा प्रश्न लावून धरला. शेतकरी पायी चालत राजधानीकडे गेले. १९०० साली कावामाता येथे पोलिसांशी त्यांची झटापट झाली आणि अनेकांना अटक झाली. अखेर तानाकांनी संसदेचे सदस्यत्व सोडले आणि १९०१ च्या डिसेंबरात हातात अर्ज घेऊन थेट सम्राटाच्या घोडागाडीकडे धाव घेतली. त्यांना वाटेतच अडवले गेले. पुढे पुराचे पाणी साठवण्यासाठी यानाका हे गावच उठवण्यात आले आणि न हटणाऱ्यांची घरे १९०७ साली पाडली गेली. खाण १९७३ साली बंद पडली. त्या डोंगरांवर झाडे लावण्याचे काम त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले. गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसे आमच्या आसपासच राहतात. यानाकाची हकीकत त्यांना सांगावी लागणार नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेच्या रॉकी पर्वतातल्या ब्यूट गावची. तेथील बर्कली पिट ही उघडी तांबेखाण १९५५ ते १९८२ अशी चालली. ज्या वर्षी मलाजखंड सुरू झाली, त्याच वर्षी तेथील पंप बंद झाले आणि खड्ड्यात पाणी चढू लागले. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये स्थलांतर करणारे हिमहंस त्या आम्लधर्मी पाण्यावर उतरले आणि तीनशे बेचाळीस पक्षी मेलेले सापडले. नवेगावबांधच्या तलावावर किंवा आमच्या गावच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, हिवाळ्यात पाखरे उतरतात, तेव्हा मला हा आकडा आठवतो. पाण्याचा रंग पाहून पाखराला काय कळणार?

आपल्या देशातील भट्ट्यांना लागणारे तांब्याचे खनिज बहुतांशी बाहेरून येते, चिलीहून येते, इंडोनेशियातूनही आलेले आहे. चिलीतील चुकिकामाता खाणीच्या कडेचे गाव धुळीमुळे आणि वाढत्या ढिगाऱ्यांमुळे रिकामे करून लोकांना कालामा शहरात हलवावे लागले. इंडोनेशियात पापुआच्या बर्फाळ शिखरांजवळच्या ग्रासबर्ग खाणीचा गाळ नदीतून खाली सोडला जातो. म्हणून ‘आपल्याकडे कोठे खाण आहे’ असे म्हणून सुटता येत नाही. शिवाय चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे तांब्याचे खनिज असल्याची नोंद आहेच. उद्या हा प्रश्न आपल्या दारातही येऊ शकतो. तांबे लागणारच नाही, असे मी म्हणणार नाही. आमच्या विहिरीवरच्या मोटारीची वाइंडिंग तांब्याची आहे, घरातली वीज तांब्याच्या तारांतून फिरते. पण म्हणूनच एकदा डोंगरातून बाहेर आलेले तांबे पुन्हा पुन्हा वापरले जाणे महत्त्वाचे आहे, आणि तांबे कितीही वेळा वितळवले तरी त्याचा कस जात नाही. मोडीपासून तांबे करायला खनिजापासून करण्याच्या मानाने फारच थोडी ऊर्जा लागते आणि डोंगर फोडावा लागत नाही.

आता पुन्हा दुकानाकडे. मोडीचा व्यवहार तेथे चोख आहे. मी दिलेल्या मोडीत फुटका बंब, दोन चेपलेले तांब्ये आणि एक पळी होती. सगळे मिळून ४ किलो ३५० ग्रॅम भरले. झाळ, कळंक आणि बंबाचा पितळी नळ यांपोटी २०० ग्रॅम घट धरली. ती कशाची, हे मालकांनी एकेक दाखवून सांगितले आणि काढलेला नळ मला परत दिला. उरलेल्या तांब्यातून गुंड आणि अर्ध्या किलोचा गडवा वजनास वजन मिळाला, राहिलेल्या ५० ग्रॅमचे पैसे घडणावळीतून वजा झाले. तराजू काट्याचा नसून इलेक्ट्रॉनिक आहे आणि आकडे गिऱ्हाईकाकडे तोंड करून आहेत, ही बाबही नोंदवण्यासारखी आहे. मी विचारले की, माझ्याच मोडीचा गुंड होणार का? मालक म्हणाले, तसे मी सांगणार नाही. मोड गाडीने जाते, कारखान्यात वितळते, पत्रा होऊन कोणाकडे तरी येते. मला हे उत्तर आवडले. जळालेल्या मोटारीची तारही मी नेली होती, ती मात्र त्यांनी घेतली नाही. तिच्यावर लाखेसारखा लेप असतो, तो जाळल्यास विषारी धूर होतो, ती मोटार दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या, असे सांगून परत केली.

उणिवाही स्पष्टपणे सांगते. पत्रा नागपूरहून येतो, एवढेच मालकांना ठाऊक आहे. तो मोडीचा की नव्या तांब्याचा, हे ते सांगू शकले नाहीत आणि व्यापाऱ्याला कधी विचारलेही नव्हते. त्यांनी विचारावे, असे मी त्यांना सांगून आले आहे. भिंतीवर ‘तांब्यातील पाणी सर्व रोगांवर उपाय’ अशी पाटी आहे. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यात काही जंतू मरतात हे खरे, पण त्यापलीकडचे दावे गिऱ्हाइकाची फसवणूक करतात. दुकानाला त्याची गरजही नाही. सर्वांत गंभीर बाब म्हणजे झाळ दिल्यानंतर भांडे ज्या आम्लाच्या हौदात बुडवतात, त्याचे हिरवट निळे पाणी पडवीतून थेट उघड्या नालीत जाते आणि ती नाली पुढे बाजाराच्या मागच्या बोडीला मिळते. एवढ्या चांगल्या कामाच्या पायाशी हे पाहून मला फार वाईट वाटले. चुना घालून ते पाणी आधी निवळू द्यावे, तळाशी बसलेला गाळ वेगळा काढावा. खर्च नाममात्र आहे. मी हे बोलले तेव्हा तरुण मालक गप्प राहिले. काकाजींनी मात्र मान हलवली आणि चुन्याची पिंपे पूर्वी याच कोपऱ्यात असत, असे म्हणून कोपरा दाखवला. पुढच्या बाजाराला मी पुन्हा पाहणार आहे.

वेळेच्या बाबतीत सांगायचे तर दुरुस्तीला पंधरा दिवस सांगून अठरा लागले. लग्नसराईत घाईचे काम असेल, तर महिनाभर आधी जावे. कारागीर एकच आहेत, त्यांच्या हाताखाली शिकणारे कोणी नाही आणि शुक्रवारी ते बसत नाहीत. गुंड घासायला काय वापरू, असे विचारले तेव्हा पावडर न देता त्यांनी चिंच आणि मीठ सांगितले.

भाचीचा गुंड तिच्या सासरी, साकोलीकडे गेला. आईचा गुंड आमच्या घरी पाण्याच्या ओट्यावर आहे. अंग जुने, काळपट लाल. बूड नवे, गुलाबी. आई रोज सकाळी तो भरताना एकदा खाली हात फिरवून ओल आहे का, ते पाहते.